पंखा, इस्त्री, भाची

मी शिकून परत आले तेव्हा माझी अपेक्षा अगदी साधी होती: इथे लोक विजेची उधळपट्टी करत असतील आणि मी येऊन त्यांना थांबवीन.

यात माझा फारसा दोष नव्हता. दूरदेशीच्या एका विद्यापीठात दोन वर्षं मी याच विषयावर प्रबंध लिहिला होता. अल्प उत्पन्न वसाहतींमधला विजेचा वापर, आणि त्यावर स्मार्ट मीटर व सेन्सर हा उपाय. प्रबंधात दोनशे चाळीस पानं होती, एकशे दहा आलेख होते आणि अल्प उत्पन्न वसाहत एकही नव्हती. (तिथे जवळपास नव्हतीच. एक होती, पण बस बदलावी लागायची.)

त्यामुळे डोळ्यांसमोरचं चित्र पक्कं होतं. रिकाम्या खोल्यांत गरगरणारे पंखे, भरदुपारी जळणारे दिवे, आणि दारात उभी मी. हातात सेन्सर, चेहऱ्यावर करुणा.

प्रत्यक्षात सापडली ती माझी आत्या. पहिल्याच संध्याकाळी बल्बकडे बोट दाखवून म्हणाली, "तू वाचत नाहीयेस ना आत्ता? मग तो कशाला जाळायचा?"

आत्या गृहमंडळाच्या चार मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहते. मजल्यावर सात घरं, प्रत्येक घर दीड खोलीचं. (त्यातली पूर्ण कुठली आणि अर्धी कुठली, यावर मंडळाचं आणि रहिवाशांचं चाळीस वर्षांत एकमत झालेलं नाही.) आत्याचं तीनशे चार. ती पायमशीनवर कपडे शिवते. मला गृहमंडळातच सहा महिन्यांच्या कच्च्या बोलीवर नोकरी लागली, तेव्हा आत्या म्हणाली, "खोली कशाला शोधतेस? माझ्याकडे राहा. तेवढीच सोबत." मी माझ्या दोन स्क्रीन, छोटा कूलर आणि तीन चार्जर घेऊन तिच्या दीड खोलीत शिरले. उरलेल्या जागेत आत्या राहू लागली.

मंडळाला स्मार्ट मीटरचा प्रयोग एका इमारतीत करून बघायचा होता. साहेबांनी विचारलं, "कुठली घ्यायची?" आणि मी, दुसरा कसलाही विचार न करता, म्हणाले, "माझ्या आत्याची घ्या."

एवढंच. पुढचं सगळं या तीन शब्दांतून झालं.

मीटर बसवायला माणसं आली त्या दिवशी अख्खा मजला दारात उभा होता. तीनशे सहामधल्या वहिनी लोकांच्या कपड्यांना इस्त्री करून देतात. त्यांनी कोपऱ्यातल्या पांढऱ्या डबीकडे संशयाने पाहिलं.

"ताई, यात कॅमेरा आहे का हो?"

"नाही हो वहिनी. घरात कोणी आहे की नाही, एवढंच कळतं."

"कोणाला कळतं?"

"मंडळाला."

"मंडळाला?" वहिनी मागे वळून मजल्याला म्हणाल्या, "ऐकलंत का? नऊ वर्षं वायर बदला म्हणून अर्ज देतोय, तेव्हा इथे माणसं राहतात हे मंडळाला माहीत नव्हतं. आता डबीतून कळणार आहे."

मजला हसला. मीही हसले. (मला वाटलं, खेळीमेळीचं वातावरण आहे.)

तेव्हा आत्या पुढे झाली. "अहो, माझी भाची आहे ती. घरातली पोर. ती आपलं वाईट करील का? शब्द देते मी." आणि पहिली शिडी तिने स्वतः धरली. आत्याने शिडी धरली म्हटल्यावर बाकीच्यांनीही दारं उघडली.

एकच माणूस मीटरपाशी थांबला. तीनशे एकमधले वायरमन काका. तीस वर्षं कारखान्यात वायरमन होते, आता घरी असतात. त्यांनी नवा मीटर हातात घेऊन उलटासुलटा केला, टकटक वाजवून पाहिला आणि परत दिला.

"मीटर हुशार आहे," ते म्हणाले. "वायर मात्र तीच."

मी लगेच वहीत नोंद केली: 'जुन्या सुविधांबाबत स्थानिक नाराजी.' आणि पान उलटलं.

जिन्यापाशी जुन्या फ्यूजचं लाकडी कपाट होतं. त्याच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूने काहीतरी खरडलेलं होतं. सोम तीनशे एक, मंगळ तीनशे दोन, असं रविवारपर्यंत, आणि त्याखाली बारीक अक्षरात बरंच काही. जिना झाडायच्या पाळ्या असाव्यात. प्रयोगाच्या फोटोत ते बरं दिसणार नाही म्हणून मी ओल्या फडक्याने पुसून टाकलं. काका बघत होते. खिशातून खडू काढून हातात धरून उभे राहिले, एवढंच.

महिनाभर सगळं छान चाललं. अठ्ठावीस घरांचे आकडे माझ्या स्क्रीनवर दर मिनिटाला येत होते. सगळ्या सेन्सरांचा मुख्य डबा आत्याच्या घरातच बसवला होता. तो अहोरात्र चालू असायचा आणि त्याचा हिरवा दिवा थेट आत्याच्या उशीवर पडायचा. ("सवय होईल," मी म्हणाले. "तुझी झाली तशी," आत्या म्हणाली.)

संध्याकाळी सहा वाजले की आत्या कात्री, कापड आणि टीप घालायचे तुकडे घेऊन बाहेर पडायची, ती साडेनऊला परतायची. "येतेस का? तीनशे दोनमध्ये बसलोय सगळे." दुसऱ्या दिवशी तीनशे तीन. मग आणखी कुठे.

"नको गं, डेटा येतोय," मी म्हणायची, आणि वहीत लिहायची: 'शेजाऱ्यांमध्ये सामाजिक जीवन समृद्ध.' बिचाऱ्या सेन्सरांना एकटं सोडून मी कशी जाणार? (गुरुवारी सगळे आमच्याकडेच यायचे, तेव्हा मी कानात हेडफोन घालून स्क्रीनकडे तोंड करून बसायची.)

आणि मग मला ती कल्पना सुचली. अहवालात एक रकाना वाढवायचा: घर वापरात आहे की नाही. सूत्र माझ्याकडे तयारच होतं. संध्याकाळी सहा ते नऊ घरात हालचाल नाही आणि वीज जवळजवळ शून्य, असे आठवड्यातले सहा दिवस गेले की घर रिकामं. हे सूत्र मी तिकडे शिकताना तयार केलं होतं. कशासाठी, तर एका तळ्याकाठी श्रीमंत लोकांचे बंगले होते आणि ते फक्त आठवड्याच्या सुट्टीला येऊन राहायचे, ते शोधण्यासाठी. तिथे ते नव्वद टक्के अचूक ठरलं होतं. मी तसंच्या तसं उचलून इथे डकवलं. विज्ञान हे सगळीकडे सारखंच असतं, असं माझं तेव्हा मत होतं.

निकाल आला तो पाहून मी खुर्चीतून उठले. अठ्ठावीसपैकी सत्तावीस घरं रिकामी!

वापरात असलेलं घर एकच. तीनशे चार. (मला आत्याचा फार अभिमान वाटला.)

आता कोणीही म्हणेल, अगं, तू त्या इमारतीत राहतेस, जिन्यात रोज शंभर माणसं भेटतात, बादल्यांना ठेचकाळतेस. पण ज्याने एकशे दहा आलेख काढले आहेत त्याला विचारा. स्क्रीन आणि जिना यांत मतभेद झाला तर आपण जिन्याला दोष देतो. मी मनाची समजूत घातली की ही माणसं दिवसा इथे असतात आणि राहतात दुसरीकडे. अहवालावर सही केली आणि साहेबांच्या टेबलावर ठेवला.

साहेबांना रंगीत आलेख फार आवडतात. लाल ठिपक्यांवरून त्यांनी मायेने बोट फिरवलं.

"सत्तावीस! मॅडम, घरांसाठी किती लोक रांगेत आहेत माहीत आहे? आणि ही माणसं घरं अडवून बसलीत. नाही, बसलेलीसुद्धा नाहीत! मी आजच वर कळवतो."

"साहेब, एकदा खात्री करून..."

"सेन्सर खोटं बोलतो का?"

"नाही साहेब, पण..."

"मग झालं तर."

तीन दिवसांनी सत्तावीस दारांवर नोटिसा चिकटल्या. 'सदर घर वापरात नसल्याचे आढळल्याने तीस दिवसांत ताबा घेण्यात येईल.' वहिनींना ती नोटीस घरातच मिळाली, कारण दारावर चिकटवणाऱ्याने आधी कडी वाजवली, पेला भरून पाणी मागितलं, पिऊन आभार मानले आणि मग घर रिकामं असल्याची नोटीस लावली.

त्या संध्याकाळी मजला तीनशे चारमध्ये आला. दीड खोलीत एकवीस माणसं. आत्या मशीनपाशी खाली मान घालून बसली होती. टीप घालत नव्हती, नुसती चाकावर हात ठेवून होती. हे मला सगळ्यात जास्त लागलं.

"काय हो सेन्सरबाई," वहिनी म्हणाल्या, "मी तुम्हाला रिकामी दिसते का?"

"वहिनी, अहो तुमचं घर आठवड्यातून सहा संध्याकाळी बंद असतं. फक्त शनिवारी..."

"शनिवारी माझा वार असतो!"

"कसला वार?"

मजल्याने एकमेकांकडे पाहिलं. मग सगळ्यांनी आत्याकडे पाहिलं.

आत्या हळूच म्हणाली, "अगं, रोज एका घराचा वार असतो. त्या दिवशी त्या घरात पंखा, इस्त्री, मिक्सर, टीव्ही, सगळं चालतं. बाकीची सहा घरं बंद करून सगळे तिथे जातात. वहिनी इस्त्री घेऊन जातात, मी कापड घेऊन जाते. साडेनऊला आपापल्या घरी येऊन झोपायचं. सहा वर्षं झाली याला. आमचं बघून बाकीच्या मजल्यांनीही तेच सुरू केलं."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कधी?" आत्या म्हणाली. "तू डबीला विचारलंस."

मी वही उघडून उत्तर शोधू लागले. (अजून सापडलेलं नाही. सापडलं की कळवीन.)

पण माझा उत्साह हा असा आहे की तो पडला तरी पायांवर पडतो. मी म्हणाले, "हरकत नाही! शुक्रवारी साहेब पाहणीला येणार आहेत. त्या संध्याकाळी सगळ्यांनी आपापल्या घरी थांबायचं, आणि जे जे घरात आहे ते चालू करायचं. चारही मजले. डोळ्यांनी बघतील, सेन्सरवर बघतील, नोटिसा मागे!"

"सगळं चालू करायचं?" वायरमन काकांनी विचारलं.

"सगळं."

"एकाच वेळी?"

"एकाच वेळी. बरोबर सहाला."

काकांनी माझ्याकडे, डॉक्टर रिपोर्ट बघून पेशंटकडे बघतात तसं पाहिलं. "हे वार आम्ही हौसेने नाही लावलेले, ताई. त्याचं कारण..."

"काका, कारण नंतर ऐकते. आधी घरं वाचवू. आणि नव्या मीटरला सुरक्षा आहे, घाबरू नका."

"मीटरला आहे," काका म्हणाले आणि उठून गेले.

शुक्रवारी पावणेसहाला साहेब आले. हातात रहिवाशांचं रजिस्टर, पायांत नवे बूट. पहिला, दुसरा मजला त्यांनी जिन्यातूनच बघितला आणि धापा टाकत तिसऱ्यावर पोचले. सगळी दारं उघडी होती. प्रत्येक दारात कुटुंब ओळीने उभं होतं, फोटो काढायला उभं राहावं तसं. वहिनींनी तर टेबलावर इस्त्री ठेवून हात तिच्यावर ठेवला होता.

"साहेब, बघा," मी म्हणाले. "किती रिकामी आहेत ते!"

घड्याळात सहा वाजले. मी हात वर केला. (हे मी आधी ठरवलं नव्हतं. ऐन वेळी सुचलं.) हात खाली आला आणि चार मजल्यांवर अठ्ठावीस घरांत अठ्ठावीस पंखे फिरले, टीव्ही बोलू लागले, मिक्सर ओरडले, इस्त्र्या तापल्या, तीनशे तीनमधलं धुलाई मशीन थरथरत दारापर्यंत चालत आलं. आयुष्यात पहिल्यांदा ती इमारत माझ्या प्रबंधातल्या चित्रासारखी दिसली.

चार सेकंद.

मग जिन्यापाशी कोणीतरी मोठी फांदी मोडावी तसा आवाज झाला, आणि सगळं थांबलं. जिन्याला खिडकी नाही, त्यामुळे सहा वाजताच मिट्ट काळोख. जळक्या रबराचा वास आला. पाठोपाठ बादली गडगडली आणि साहेबांचा आवाज आला, "अगं आई गं!"

"साहेब, लागलं का?"

"गुडघा! कोणी ठेवली इथे बादली?"

"रिकाम्या घरातली आहे, साहेब," अंधारातून वहिनी म्हणाल्या. "कोणाची म्हणून सांगू?"

तेवढ्यात साहेबांचा फोन वाजला, माझ्या यंत्रणेचा आपोआप जाणारा संदेश होता. निळ्या उजेडात त्यांचा चेहरा दिसला. ते मोठ्याने वाचू लागले, आणि वाचता वाचता त्यांचा आवाज बदलत गेला.

"'इमारतीतील अठ्ठावीसपैकी अठ्ठावीस घरे रिकामी. या क्षणाची वीजबचत शंभर टक्के. अभिनंदन!' आणि पुढे हसरा चेहरा आहे. मॅडम, हा हसरा चेहरा कोणी घातला?"

"लोकांना प्रोत्साहन मिळावं म्हणून..." मी म्हणाले.

काका टॉर्च घेऊन आले. फ्यूजच्या कपाटाचं दार त्यांनी उघडलं आणि उजेड दाराच्या आतल्या बाजूवर पडला. मी पुसलेलं सगळं पुन्हा लिहिलेलं होतं, आधीपेक्षा सुबक. वर सात वार. खाली प्रत्येक घरापुढे त्या घरात काय काय चालतं आणि वायरला त्यातलं किती झेपतं, याचा हिशोब. कुठलं एकत्र चालेल, कुठलं एकटंच चालवायचं. मिक्सर चालू असताना इस्त्री बंद. टीव्ही आणि पंखा चालेल.

माझ्या अंगावर काटा आला. "साहेब! हे बघा! हे तर लोड मॅनेजमेंट आहे! माझ्या प्रबंधाचं पाचवं प्रकरण! तिकडे यासाठी मोठमोठी यंत्रं लागतात!"

"इथे खडू लागतो," काका फ्यूजमध्ये तार भरत म्हणाले. "ही वायर चाळीस वर्षांची आहे. एका मजल्यावर दोन घरांचं एकदम चाललं की फ्यूज उडतो. म्हणून वार. हेच सांगत होतो परवा."

टॉर्चचा उजेड हलला आणि मला तीनशे चारची ओळ दिसली. तिथे लिहिलं होतं: 'पंखा, इस्त्री, भाची.' आणि त्यापुढे कंसात, 'सतत चालू.'

"काका, हे..."

"तुमचा लोड धरावा लागतो ना," काका शांतपणे म्हणाले. "दोन स्क्रीन, कूलर, चार्जर आणि तो हिरव्या दिव्याचा डबा. वार असो नसो, चालूच. तुम्ही आल्यापासून तीनशे तीनचं धुलाई मशीन बंद ठेवलंय आम्ही. वायरला दोन्ही झेपत नाहीत."

तीनशे तीनमधली बाई दारात उभी होती. चार महिने ती हाताने कपडे धूत होती, आणि मी तिच्या घरापुढे 'वापर शून्य, आदर्श' असं लिहिलं होतं.

साहेब गुडघा चोळत होते. मी म्हणाले, "साहेब, म्हणजे एकही घर रिकामं नाही. नोटिसा मागे घ्या."

"मॅडम, सत्तावीस घरं मी वर कळवली आहेत."

"पण ती रिकामी नाहीत!"

"ते आत्ता कळलं. कळवली तेव्हा ती होती." साहेब जरा मऊ आवाजात म्हणाले, "मागे घ्यायचं म्हणजे कोणीतरी चुकलं पाहिजे. मी चुकू शकत नाही, माझ्या पदाला तशी सोय नाही. यंत्रणा मंडळाने मंजूर केली आहे, म्हणजे तीही चुकू शकत नाही. राहिलं कोण?"

अंधारातही सगळे माझ्याकडे बघतायत हे मला कळलं. त्याला सेन्सर लागत नाही.

"उद्या अकराच्या आत लेखी द्या. सूत्र माझं, चूक माझी, सही. बाराला फाईल वर जाते, मग माझ्या हातात काही नाही. पण कच्च्या नोकरीत लेखी चूक दिली की नोकरी पक्की होत नाही, हेही सांगून ठेवतो." मग त्यांनी फोनच्या उजेडात रजिस्टर उघडलं. पान उलटता उलटता थांबले. "तीनशे चार. नोंद एक व्यक्ती. आढळल्या दोन. परवानगीशिवाय चार महिने." त्यांनी मान वर केली. "मॅडम, तुमची यंत्रणा अगदीच वाया गेली नाही. अख्ख्या इमारतीत बेकायदा एकच माणूस सापडलं."

"अहो साहेब," आत्या कळवळून म्हणाली, "ती राहत नाही हो. ती नुसती डेटा बघते."

वीज आली तेव्हा तीनशे पाचच्या वाराचे दोन तास उरले होते. सगळे तिकडे गेले. मी पहिल्यांदाच घरातला डबा, स्क्रीन, कूलर, सगळं बंद केलं आणि अंधारात बसले. आत्या गेली नाही. तीही बसली.

"आत्या, मी असं लिहू का, की 'सूत्रात तांत्रिक त्रुटी आढळली'?"

"आढळली म्हणजे? कुठे पडली होती?"

"तसं लिहितात. म्हणजे नोकरी राहू शकते. घरंही बहुतेक वाचतील."

"बहुतेक," आत्या म्हणाली. "शिडी मी धरली होती गं. मजल्याने दारं माझ्या शब्दावर उघडली. तुझ्या त्या कागदांवर नाही."

एवढंच बोलून ती आडवी झाली. आज उशीवर हिरवा दिवा नव्हता. पडल्या पडल्या तिला झोप लागली. चार महिन्यांत तिला इतक्या लवकर झोप लागलेली मी पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी ठरवलं. 'आढळली' नाही, 'मी चुकले' असंच लिहायचं. सूत्र बंगल्यांचं होतं, ते मी दीड खोलीला लावलं. सत्तावीस घरांत माणसं राहतात. तिसऱ्या मजल्याने सहा वर्षं जे केलं ते माझ्या प्रबंधापेक्षा बरं आहे. आणि आधी वायर बदला, मग हवे तेवढे हुशार मीटर लावा. शेवटी, तीनशे चारमध्ये सापडलेली जादा व्यक्ती मीच असून महिनाअखेर दुसरीकडे खोली घेईन.

ठरवल्याबरोबर लॅपटॉप उघडला. बॅटरी चार टक्के. शनिवार, म्हणजे वहिनींचा वार. लॅपटॉप कुशीत घेऊन मी तीनशे सहाच्या दारात उभी राहिले.

"चार्जिंग?" वहिनींनी मान वर न करता विचारलं. "इस्त्री चालू आहे. पंधरा शर्ट झाले की तुमचा नंबर."

"वहिनी, अकराच्या आत द्यायचंय. तुमच्याच घराचं आहे."

"शर्टही अकराच्या आतच द्यायचेत." मग त्यांनी इस्त्री उभी ठेवली, टेबलाच्या खणातून पेन काढलं आणि माझ्यासमोर धरलं. "हे घ्या. याला वायर लागत नाही."

चार पानं हाताने लिहिली. (प्रबंधानंतर हातात पेन धरायची ही पहिलीच वेळ. अक्षर तीनशे सातमधल्या चौथीतल्या मुलीने सुधारून दिलं.) सही केली, घडी घातली आणि जिन्याकडे निघाले.

कपाटाचं दार उघडंच होतं. तीनशे तीनपुढे 'धुलाई मशीन' हे शब्द परत आले होते. तीनशे चारपुढचं 'सतत चालू' काकांनी पुसलं होतं, आणि नव्या खडूने तिथे लिहिलं होतं:

'भाची: दुरुस्तीला गेली आहे. गॅरंटी नाही.'